ई-बुक रीडर घेण्यापूर्वी: पडदा, कुलूप आणि मालकी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ई-बुक रीडर घेण्याच्या विचारात असलेले, किंवा घेऊन थोडेसे पस्तावलेले मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. वजन, प्रकाश आणि बॅटरी यांची चौकशी सगळेच करतात. विकत घेतलेले पुस्तक दहा वर्षांनी कोणाच्या मर्जीने उघडणार आहे, हे मात्र फार थोडे जण विचारतात. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरा प्रश्न आधी विचारायला हवा, आणि त्या मताची छाया उत्तरांवर पडलेली आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

मोबाइल हातात असताना वेगळा ई-बुक रीडर कशासाठी?

दिवसाकाठी पाच-दहा पानेच वाचायची असतील तर घेऊ नये. मोबाइल पुरेसा आहे. सलग दोन-तीन तास वाचणाऱ्याला मात्र फरक पहिल्याच रात्री कळतो. अशा रीडरच्या पडद्याला ई-इंक म्हणतात; त्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विद्युतभार असलेले काळे आणि पांढरे कण तरंगत असतात, आणि विजेचा दाब ज्या दिशेने द्यावा त्याप्रमाणे एका रंगाचे कण पृष्ठभागाशी येतात. एकदा ते जागेवर बसले की पान तसेच दाखवत ठेवायला वीज लागत नाही, ती लागते पान उलटताना. म्हणून एका चार्जिंगवर हे यंत्र काही आठवडे चालते, आणि मोबाइलचा पडदा जिथे आरशासारखा चकाकतो त्या भर उन्हातही ते छापील पानासारखे वाचता येते. रात्रीसाठी असलेला प्रकाश पडद्याच्या कडेकडून पृष्ठभागावर पसरतो, त्यामुळे डोळ्यांवर त्याचा थेट मारा होत नाही. पान उलटताना क्षणभर होणारी लुकलुक आणि एकूण संथपणा यांची सवय करून घ्यावी लागते. त्यावर मधेच कोणाचा संदेश टपकत नाही, हा फायदा जाहिरातीत नसतो, पण खरा तोच.

पडद्याचे कोणते आकडे पाहावेत?

एका इंचात ३०० ठिपके असलेला पडदा घ्यावा. जुन्या आणि स्वस्त यंत्रांत ही संख्या १६७ असे. रोमन लिपी तेवढ्यावर भागवून नेते, पण देवनागरीत ओळीच्या वर मात्रा, अनुस्वार आणि रफार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, अशी दाटी असते. अक्षर लहान केले की १६७ ठिपक्यांच्या पडद्यावर ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांत फरक करताना डोळे बारीक करावे लागतात. रंगीत ई-इंकची यंत्रे २०२४ पासून कोबो आणि ॲमेझॉन कंपनीचे किंडल या दोन्ही नावांनी आली आहेत. कोबो वापरते त्या कॅलिडो ३ प्रकारच्या पडद्यावर काळा-पांढरा मजकूर ३०० ठिपक्यांचा असला तरी रंग १५० ठिपक्यांवर येतो, आणि रंगाच्या गाळणीमुळे पार्श्वभूमी किंचित काळवंडते. कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्याने त्यासाठी जास्तीचे पैसे देण्याचे कारण नाही.

डीआरएम म्हणजे नेमके काय?

डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, म्हणजे विकलेल्या ई-पुस्तकाची फाइल सांकेतिक रूपात गुंडाळून ठेवण्याची आणि ती उलगडण्याची किल्ली ठरावीक खात्याला किंवा यंत्रालाच देण्याची ही व्यवस्था आहे. आपण तिला येथे सरळ ‘कुलूप’ म्हणू. कुलूप आणि फाइलचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केल्याने खरेदीत फसगत होते. ईपब हा खुला प्रकार आहे. तो वाचण्याची सोय कोणीही करू शकतो. परंतु त्याच ईपबवर ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीचे कुलूप चढवले, की ती फाइल ॲडोबीच्या खात्याशी जोडलेल्या यंत्रावरच उघडते. किंडलचे प्रकार त्या कंपनीचे स्वतःचे आहेत आणि कुलूपही तिचेच आहे. किंडलवरील सगळीच पुस्तके कुलूपबंद असतात असेही नाही. ते लावायचे की नाही हे प्रकाशक ठरवतो.

म्हणजे मी पुस्तक विकत घेतो, की वाचण्याची परवानगी?

परवानगी. पडद्यावर बटण ‘खरेदी करा’ असे असते, पण अटींच्या मजकुरात परवान्याची भाषा असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे, असे बंधन घातले. आपल्याकडे तसे स्वतंत्र बंधन नसले तरी वस्तुस्थिती तीच आहे.

या परवान्याचा अर्थ जगाला कळला तो जुलै २००९ मध्ये. जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांची ई-आवृत्ती किंडलवर ज्या विक्रेत्याने ठेवली होती त्याच्याकडे अमेरिकेतील हक्कच नव्हते, हे लक्षात येताच ॲमेझॉनने ती ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली आणि पैसे परत केले. त्यांतली एक कादंबरी नेमकी ‘नाइन्टीन एटी-फोर’ होती, म्हणजे नको असलेला छापील मजकूर सरकारी भट्टीत नाहीसा करणाऱ्या राजवटीची गोष्ट; असा योगायोग कोणी कल्पून लिहिला असता तर संपादकाने तो खोडला असता. एका विद्यार्थ्याची त्या पुस्तकावरची टिपणे मूळ मजकुरावाचून निरुपयोगी झाली, त्याने दावा लावला, आणि कंपनीने १,५०,००० डॉलर देऊन तडजोड केली. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. पुसणे चूक होते हे सगळ्यांनी मान्य केले. पुसता येते, ही सोय मात्र व्यवस्थेत तशीच राहिली.

दुकानच बंद पडले तर घेतलेल्या पुस्तकांचे काय होते?

ते दुकानाच्या दानतीवर आणि तिजोरीवर अवलंबून असते. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि त्याच वर्षी जुलैपासून विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. कंपनीने सर्व ग्राहकांना पूर्ण पैसे परत केले, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर दिले. चीनमधील किंडलचे दुकान ३० जून २०२३ रोजी बंद झाले. घेतलेली पुस्तके उतरवून घेण्यासाठी वाचकांना आणखी एक वर्ष मिळाले.

ही दोन्ही उदाहरणे श्रीमंत कंपन्यांची आहेत, हे विसरू नये. माझ्या स्वतःच्या संग्रहातील बारा-तेरा मराठी पुस्तके एका लहानशा ॲपवरून घेतलेली होती. नवा मोबाइल घेतल्यावर ते ॲप त्यावर उघडेना, मदतीसाठी लिहिलेल्या तीन पत्रांना उत्तर आले नाही, आणि आता माझ्याकडे पैसे दिल्याच्या पावत्या तेवढ्या शिल्लक आहेत. पावत्या मात्र पीडीएफमध्ये आहेत आणि कोणत्याही यंत्रावर उत्तम उघडतात.

किंडल आणि कोबो यांत, कुलपाच्या दृष्टीने, काय फरक आहे?

दोन्हींचे पडदे एकाच कंपनीकडून येतात, त्यामुळे यंत्र म्हणून फरक थोडा आहे. कोबो ईपब वाचते आणि ॲडोबीचे कुलूप असलेली इतर दुकानांची पुस्तकेही त्यावर नेता येतात. म्हणजे कुलूप आहेच, पण त्याची किल्ली एकाहून अधिक दुकानांत चालते. किंडलवर कुलूप असलेली पुस्तके किंडलच्याच दुकानातून घ्यावी लागतात. कुलूप नसलेले ईपब २०२२ पासून ‘सेंड टू किंडल’ या सोयीने पाठवता येते, आणि कंपनी ते आपल्या प्रकारात बदलून यंत्रावर उतरवते.

फेब्रुवारी २०२५ मधील एक बदल बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्यापूर्वी किंडलचे पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून यूएसबीच्या वायरने यंत्रात टाकता येत असे. २६ फेब्रुवारीपासून ती सोय काढून घेण्यात आली. बहुतेकांनी ती कधी वापरलीही नव्हती. पण आपल्या घरातल्या संगणकावर, कुलूपबंद का असेना, एक प्रत ठेवण्याचा तो मार्ग होता. यंत्र तेच राहिले, पुस्तके तीच राहिली, आणि खरेदीनंतर अनेक वर्षांनी खरेदीचा अर्थ बदलला. रीडर निवडताना आजच्या वैशिष्ट्यांच्या यादीवर पूर्ण भिस्त ठेवू नये, ती यामुळेच.

मराठी पुस्तकांसाठी कोणते यंत्र सोयीचे?

येथे इंग्रजी वाचकाला दिलेला सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. इंग्रजी वाचकाला जवळपास सर्व पुस्तके प्रत्येक मोठ्या दुकानात मिळतात. मराठी पुस्तके दुकानादुकानांत विखुरलेली आहेत. किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आली आणि तेथील संग्रह आता बराच मोठा आहे. पुण्याच्या बुकगंगाचा मराठी ई-पुस्तकांचा संग्रहही मोठा आहे, पण ती पुस्तके बुकगंगाच्याच ॲपमध्ये वाचायची असतात; किंडलवर किंवा कोबोवर ती नेता येत नाहीत. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तके विनामूल्य देते, आणि मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेले साहित्य मिळते. या दोन्ही ठिकाणी कुलपाचा प्रश्न नाही.

म्हणून पहिले काम असे: पुढच्या वर्षभरात वाचावीशी वाटणारी वीस पुस्तके कागदावर लिहावीत आणि प्रत्येकासमोर ते कोणत्या दुकानात मिळते हे नोंदवावे. बहुतेक किंडलवर असतील तर किंडल घ्यावे. यादी दोन-तीन दुकानांत विभागली गेली, तर अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर, उदाहरणार्थ ओनिक्स कंपनीचा बूक्स, विचारात घ्यावा, कारण त्यावर वेगवेगळ्या दुकानांची ॲप घालता येतात. त्याची बॅटरी लवकर उतरते, ॲप ई-इंकसाठी बनवलेली नसल्याने पाने थोडी अडखळत उलटतात, आणि दुरुस्तीची सोय आपल्या गावाजवळ आहे का हे आधी विचारावे लागते. तरीही मराठी वाचकासाठी हा पर्याय जितका दुर्लक्षिला जातो तितका दुर्लक्षणीय नाही.

मराठी ई-पुस्तक नीट तयार केलेले आहे की नाही, हे घेण्यापूर्वी कसे ओळखावे?

विनामूल्य नमुना उतरवावा आणि त्यात ‘ऱ्या’ शोधावा. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ दिलेला मान वेगळा आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेला पगार वेगळा. जेथे पुस्तकाचा फाँट किंवा टंकन हिंदीच्या वळणाने झालेले असते तेथे हा अर्धा र चुकतो आणि सह्याद्रीच्या दऱ्या एका फटक्यात दर्या होतात. त्याबरोबर ‘ॲ’ हे अक्षर चौकोन होऊन आले आहे का, आणि ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, हेही पाहावे. अक्षरांत गडबड दिसली तर यंत्राच्या मांडणीत प्रकाशकाचा फाँट निवडून पुन्हा पाहावे. कधी कधी दोष पुस्तकाचा नसून निवडलेल्या फाँटचा असतो.

अनेक जुनी मराठी पुस्तके श्रीलिपीसारख्या, युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये जुळवलेली आहेत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना कळणाऱ्या सामाईक अक्षर-संकेतांत, आणून पुन्हा मुद्रितशोधन करणे खर्चाचे असल्याने काही प्रकाशक सरळ पानांची पीडीएफ करून विकतात. अशा पुस्तकात अक्षर मोठे करता येत नाही, केवळ पानाचा तुकडा मोठा होतो, आणि सहा इंची पडद्यावर प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावी लागते. चाळिशीनंतरच्या वाचकांनी हे प्रकरण दहा इंची पडद्याविना घरात आणू नये. ग्राहकाला अक्षर मोठे करण्यासाठी रीडर हवा असतो आणि विक्रेता त्याला तेच न करता येणारी फाइल देतो, ही मराठी ई-पुस्तकांतील कुलपाइतकीच मोठी अडचण आहे.

घेतलेले ई-पुस्तक मित्राला वाचायला देता येते का?

छापील पुस्तकासारखे नाही. छापील प्रत एकदा विकली गेली की ती देणे, विकणे किंवा मुलांच्या नावे ठेवणे यावर लेखक-प्रकाशकाचा ताबा राहत नाही. ई-पुस्तकाचा परवाना सहसा खातेदारापुरता असतो. व्यवहारात लोक यंत्रच उसने देतात, किंवा एकाच घरातील दोन-तीन यंत्रे एका खात्याला जोडतात. किती यंत्रांवर एकाच वेळी पुस्तक ठेवता येईल यालाही मर्यादा असते, आणि सर्वसाधारणपणे ती सहाच्या आसपास असते. दिवाळी अंक गल्लीभर फिरण्याची सवय असलेल्या समाजाला हे खटकणे स्वाभाविक आहे.

कुलूप तोडणे भारतात गुन्हा आहे का?

२०१२ च्या दुरुस्तीने १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलम ६५अ आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने असे संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शब्द लक्षात घ्यावेत: ‘उल्लंघन करण्याच्या हेतूने’. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडण्यास हे कलम आड येत नाही; मात्र दुसऱ्याला त्या कामी मदत करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता आणि हेतू यांची नोंद ठेवली पाहिजे, अशी अट आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप मोडणे हाच मुळात निषिद्ध प्रकार आहे आणि सवलती ठरावीक काळाने जाहीर होतात. त्या मानाने आपले कलम मवाळ आहे.

यावरून घरी बसून कुलूप मोडण्याचा परवाना मिळाला असे समजू नये. दुकानाच्या अटी स्वतंत्रपणे लागू असतात, आणि अटभंगाबद्दल खातेच बंद झाले तर उरलेली सर्व पुस्तकेही त्यासोबत जातात. कॅलिबर हे ई-पुस्तके लावून ठेवण्याचे आणि एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेण्याचे मुक्त सॉफ्टवेअर अनेक जण वापरतात. कुलूप नसलेल्या पुस्तकांसाठी ते वापरण्यात काहीही गैर नाही.

दृष्टिबाधित वाचकांना कुलपाचा त्रास होतो का?

होतो, आणि त्याची सुरुवात जुनी आहे. २००९ मध्ये आलेल्या किंडल २ ला मजकूर मोठ्याने वाचून दाखवता येत असे. अमेरिकेतील लेखकांच्या संघटनेने, हा ध्वनिपुस्तकांच्या हक्कांवर घाला आहे असा आक्षेप घेतला, आणि ॲमेझॉनने प्रत्येक पुस्तकापुरती ही सोय बंद करण्याचा अधिकार प्रकाशकांना दिला. ज्याला डोळ्यांनी वाचता येते त्याच्या लेखी ती एक जादाची सोय होती; ज्याला येत नाही त्याच्या लेखी ते पुस्तकच बंद झाले. भारताने २०१२ च्या दुरुस्तीतच अपंग व्यक्तींना वाचता येतील अशा स्वरूपात पुस्तके करण्याची मुभा दिली, आणि त्याच विषयावरील मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. घरातील दृष्टिबाधित व्यक्तीसाठी रीडर घेताना मराठी मजकूर मोठ्याने वाचला जातो का, याची दुकानातच परीक्षा घ्यावी. इंग्रजी उत्तम वाचणारे यंत्र मराठीवर मुके होऊ शकते.

प्रकाशकांना कुलूप इतके का हवे असते? त्यावाचून चालत नाही का?

भीती खोटी नाही. हजार-दोन हजार प्रतींच्या आवृत्तीवर चालणाऱ्या मराठी प्रकाशकाला, नव्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटांत फिरताना दिसली की त्याचा जीव तुटतो. परंतु त्या पीडीएफ उघडून पाहाव्यात: पानाच्या कडेला अंगठ्याची सावली दिसते, मध्यभागी शिवणीजवळ ओळी वाकलेल्या असतात. त्या छापील प्रतीवरून काढलेल्या असतात. ई-पुस्तकाचे कुलूप त्या चोराला अडवत नाही; ते अडवते पैसे देऊन पुस्तक घेतलेल्या आणि मोबाइल बदललेल्या ग्राहकाला.

कुलपाविना विक्री हा केवळ आदर्शवाद राहिलेला नाही. विज्ञानकथा छापणाऱ्या अमेरिकेतील टॉर या मोठ्या प्रकाशनाने २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांवरील कुलूप काढले. त्याच वर्षी पॉटरमोर या अधिकृत संकेतस्थळाने हॅरी पॉटरची ई-पुस्तके कुलपाऐवजी जलचिन्हासह विकली, म्हणजे प्रत्येक प्रतीत खरेदीदाराची खूण दडलेली असते आणि ती बाहेर फिरली तर मूळ सापडते. जर्मनीतील अनेक मोठ्या प्रकाशकांनी २०१५ च्या सुमारास हाच मार्ग धरला. मराठीत कोणी हे धाडस केले, तर माझ्यासारखे ग्राहक त्याची पुस्तके आधी घेतील.

स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके तरी मोकळी असतात ना?

मजकूर मोकळा असतो, विकली जाणारी फाइल मोकळी असेलच असे नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे आहे. तरीही अशा पुस्तकांच्या कुलूपबंद आवृत्त्या विकल्या जातात आणि घेतल्याही जातात. नवी प्रस्तावना, टिपा किंवा चित्रे यांवर नवा हक्क असू शकतो. केवळ मूळ मजकूर हवा असेल तर आधी विकिस्रोत पाहावे.

ई-पुस्तक छापील पुस्तकापेक्षा फारसे स्वस्त का नसते?

कागद आणि छपाई वाचली तरी संपादन, लेखकाचे मानधन आणि दुकानाचे कमिशन राहतेच. त्यातच छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर तो १८ टक्के होता, आणि छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांसाठी तो जुलै २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आणला गेला.

मी परदेशात राहतो. माझ्यासाठी काही वेगळे आहे का?

दोन गोष्टी. पुस्तकांचे हक्क देशागणिक वेगळे असतात, म्हणून दुकानातील खाते दुसऱ्या देशात हलवण्यापूर्वी हवी ती मराठी पुस्तके तेथे मिळतात का हे पाहावे. दुसरी गोष्ट सुखाची आहे: उत्तर अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये ओव्हरड्राइव्ह या सेवेमार्फत ई-पुस्तके उसनी देतात. कोबोच्या बहुतेक यंत्रांत ती सोय आतच असते; किंडलवर ती केवळ अमेरिकेत चालते, त्यामुळे टोरांटोत राहणाऱ्याने आणि न्यू जर्सीत राहणाऱ्याने एकच यंत्र घेण्याचे कारण नाही. येथे कुलूप, मुदत संपताच पुस्तक परत घेण्याचे, आपले योग्य काम करते आणि त्याविषयी तक्रार नाही.

वापरलेले यंत्र घेतले तर चालेल का?

चालेल, आणि पैसेही वाचतील, पण विकणाऱ्यासमोरच ते त्याच्या खात्यातून काढून आपल्या खात्यात नोंदवून पाहावे. ते चोरीचे किंवा हरवल्याची तक्रार झालेले असेल तर नोंदणीला नकार मिळतो. पडद्याच्या काचेवर ओरखडा असल्यास हरकत नाही; कोपऱ्यात न हलणारी काळी रेघ असल्यास घेऊ नये, कारण नवा पडदा बसवण्याचा खर्च यंत्राच्या किमतीजवळ जातो. शेवटी दुकान उघडून एक विनामूल्य पुस्तक उतरवून पाहावे, कारण काही जुन्या किंडलांवरून दुकानात जाण्याची सोय २०२२ मध्ये बंद झाली आहे. आणि त्यात आधीच्या मालकाची शे-दोनशे पुस्तके दिसली म्हणून हरखून जाऊ नये. त्याचे खाते निघाले की तीही निघून जातील.